डावा आरसा

समुद्राकाठी मुक्कामाला जागा निवडायची तर माणूस काय काय पाहील? सावली पाहील, वारा कुठून येतो ते पाहील. न्हाणीघर फार लांब नाही ना, शेजारी रात्रभर रेडिओ लावणारा तर नाही ना, हे पाहील. केलन यातलं काहीच पाहत नसे. एका तोंडानं शिरून दुसऱ्या तोंडानं बाहेर पडता येतंय का, एवढंच तो पाही. म्हणजे जीपमागे जोडलेलं चाकांवरचं घर, ती कॅरॅव्हॅन, मागे घ्यायची वेळ येत नाही.

म्हणूनच आधीचे दोन्ही तळ वाया गेले होते. पहिला तळ हमरस्त्याला चिकटून होता. गुरांचे लांबलचक ट्रक रात्रभर असे जायचे की कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलू लागायच्या. दुसरी जागा ऐसपैस होती, पण चिखलाच्या कडेला. डोळ्यांना दिसत नाहीत अशी चिलटं तिथं चावायची. आईच्या दंडांवर गांधी उठल्या. आणि दोन्हीकडे कॅरॅव्हॅनच्या मागच्या खिडकीतून दिसायचं ते संडासाचं दार.

"तू समुद्र बघून जागा घेतोस की पार्किंग बघून?" आईनं विचारलं होतं.

केलन टायर बघायला उठून गेला होता. टायरच्या दुकानात काम करणाऱ्या, इतक्या तरण्याताठ्या पोराला कॅरॅव्हॅन मागे घेता येत नाही, हे कुणाला सांगायचं?

तसं तर सगळं त्या मागच्या खिडकीसाठीच होतं. आईनं, मॉरीननं, सगळी हयात दूर दक्षिणेतल्या शेपर्टनच्या शीतगृहात पेअरच्या पेट्या भरण्यात घालवली होती. आता तिथली थंडी सुरू झाली की तिची बोटं अशी वळायची की कपाचा कान धरता येत नसे. थोरला रोरी म्हणायचा, "आई, एक हिवाळा तुला उत्तरेच्या उबेत नेतो. तू बिछान्यात पडून समुद्र बघायचा, चहा मी करीन." कुणाच्या तरी शेतात सडत पडलेली एक कॅरॅव्हॅन त्यानं आणली, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली आणि रोज कामावरून आल्यावर तिच्यावर राबला. तिची मागची भिंत कापून त्यानं तिथं ही एवढी थोरली खिडकी बसवली. शेवटचा रंग एप्रिलमध्ये दिला, आणि त्याच महिन्यात फळबागेत ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटला.

अंत्यविधीला लोर्नामावशी आली ती कॅरॅव्हॅनला गिऱ्हाईक घेऊनच. "तुम्हा दोघांना ती बघवणार नाही," म्हणाली. केलननं तिच्या देखत चहाची किटली भिंतीवर फेकली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रोरीच्या जीपला कॅरॅव्हॅन जोडली. आई कोट घालून आधीच जीपमध्ये बसली होती. तिनं एवढंच बजावलं, "तीन ठिकाणं, केल. तिसऱ्या ठिकाणीही त्या खिडकीतून समुद्र दिसला नाही, तर गाडी घराकडे. मग लोर्नाला काय करायचं ते करू दे. वणवण करायला माझ्यात जीव उरला नाही."

कोरेला पॉइंट हे तिसरं ठिकाण.

उसाच्या शेतांमधून येणारा रस्ता तिथं संपतो आणि एकदम मिठाचा वास येतो. ऑफिसच्या खिडकीत बेरिल नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर पाळलेला पांढरा काकाकुवा होता, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालायचा.

"शाळांना सुट्ट्या लागल्यात बाळा. मुंगी शिरायला जागा नाही," बेरिल म्हणाल्या.

"एखादी तरी असेल. आई आहे सोबत."

बेरिलनी खिडकीतून जीपकडे पाहिलं. पुढच्या सीटवर मॉरीन दोन्ही हात काखेत दाबून बसली होती. मग समोरची वही मिटली. 

"एक आहे. अगदी टोकाची. पण ती मी कुणाला..." त्या थांबल्या. "आधी पाहून ये. नाही आवडली तर बरंच."

त्यांनी तळाचा नकाशा पुढे केला. केलननं तो तसाच घडी करून खिशात टाकला. नकाशे वाचायचं काम रोरीचं. तो पायीच निघाला.

तळ गजबजलेला होता. दाराशी चपला, दोरीवर ओले टॉवेल, विस्तवावर कांदा परतल्याचा वास. पण वाट जसजशी टोकाकडे गेली तशी माणसं विरळ झाली, आणि शेवटी सुरूच्या झाडांची नुसती सळसळ उरली. शेवटची जागा रिकामी होती. आत शिरतानाच उजव्या हाताला सुरूचं एक जाडजूड झाड, त्याच्यापलीकडे हिरवळ. डाव्या अंगाला, म्हणजे गाडी उलटी आत घेतली की उजव्या, खाडीची कड. कड म्हणजे सरळ तुटलेली. खाली तिवरं आणि काळा चिखल, आणि त्या चिखलावर भरतीचं पाणी बिनआवाजी चढत होतं. आणि पलीकडे, अगदी समोर मांडून ठेवल्यासारखा, समुद्र.

केलननं, खिडकी बसवताना रोरी करायचा तशी, दोन्ही हातांची चौकट केली आणि मागच्या खिडकीच्या उंचीवर धरून तीतून पाहिलं. चौकटीत समुद्राशिवाय काही मावत नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं समुद्र बघून जागा निवडली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथं शिरायला एकच तोंड आहे. मागेच घ्यावी लागणार. उलटं वळण घेत, झाड आणि कड यांच्या मधून.

तरी त्याचे पाय ऑफिसकडे धावतच गेले.

"घेतली," तो म्हणाला.

बेरिलनी चष्मा काढला. "मग सकाळी लाव. ओहोटीला, लख्ख उजेडात. आजची रात्र माझ्या अंगणात काढा."

"तुमच्या अंगणातून समुद्र दिसतो?"

"नाही."

"मग आत्ताच लावतो."

"पोरा, ऐक. त्या जागेचा एक नियम आहे. तिथं गाडी लावताना मागे कुणी उभं राहत नाही. मी नाही, दुसरं कुणी नाही. तुला एकट्यालाच घ्यावी लागेल."

"मला येते," केलन म्हणाला.

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. ते लाल झाले.

आता हे सांगायला हवं की कॅरॅव्हॅनच्या तळावर संध्याकाळचा खेळ एकच असतो. नवी गाडी आली की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, मांडीवर थंड बियर ठेवतात आणि ती मागे कशी लागते ते बघत बसतात. नवराबायकोंची भांडणं बघावीत तर तेव्हा. केलनची जीप टोकाला पोहोचेपर्यंत खुर्च्यांची रांग लागली होती. पण एरवी जिथं लावतात तिथं नाही, बरीच अलीकडे, वाटेवर. झाडाच्या पलीकडे कुणीही पाऊल टाकलं नव्हतं.

मधोमध क्लेम नावाचा म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, पोटावर बियर. "ए टायरवाल्या!" जीपच्या दारावर केलननं चिकटवलेलं दुकानाचं नाव वाचून तो ओरडला. "समुद्र मागे आहे बरं का! पुढे दिसतोय तो माझा टकला भाऊ!"

हशा पिकला. आई खाली उतरली. कुणीतरी तिला खुर्ची दिली, बेरिलनी तिच्या पायांवर शाल टाकली. आई केलनकडे वळली. तिनं फक्त हातांची चौकट केली, त्या वाकड्या बोटांनी जमेल तशी, आणि तीतून त्याच्याकडे पाहिलं.

केलननं काच खाली केली आणि जीप रिव्हर्सला टाकली.

मागे घेताना सगळं उलटं असतं. चाक उजवीकडे फिरवलं की कॅरॅव्हॅनचं बूड डावीकडे जातं. जास्त फिरवलं की जीप आणि कॅरॅव्हॅन कात्रीसारखी दुमडतात. घरच्या शेडमध्ये घालताना केलन नेहमी घाबरायचा, कारण शेडच्या उजव्या अंगानं कालवा जायचा. रोरी मागे उभा राहायचा, तोही नेहमी डावीकडे. "उजवं तुला दिसतंच रे येड्या," तो म्हणायचा. "जिथं तुला दिसत नाही तिथं मी उभा राहतो. उजव्या आरशात तुझं लक्ष, डाव्यात मी. एका आरशावर कधी भरवसा ठेवायचा नाही." तो ओरडत नसे, हात हलवून बोलावतही नसे. बोलावणारा माणूस घाईत असतो, म्हणायचा. कॅरॅव्हॅनच्या भिंतीवर एक थाप म्हणजे ये अजून. दोन थापा म्हणजे बस, लागली. पंजा उभा म्हणजे आहेस तिथं थांब, श्वाससुद्धा घेऊ नकोस.

रोरी गेल्यापासून केलननं डाव्या आरशात पाहिलं नव्हतं. त्यात फक्त मागे जाणारा रस्ता दिसायचा. ते त्याला सहन होत नसे.

पहिल्या खेपेला कॅरॅव्हॅन झाडाच्या बुंध्यावर जाऊ लागली. पुढे घेतली. दुसऱ्या खेपेला ती दुमडली. रांगेतून कुणीतरी शीळ घातली. "घाई नको रे! आमच्याकडे बियर भरपूर आहे!" क्लेम ओरडला.

सूर्य उसाच्या मागे उतरला. दूरवर कुठंतरी ऊस पेटवला होता. करपल्या साखरेचा गोड वास वाऱ्यावर आला आणि त्याच्याखालून दुसरा, चिखलाचा, शिळ्या पाण्याचा. खाडीपलीकडे एक लांब पायांचा पक्षी ओरडला. बाई किंचाळावी तसा तो ओरडतो, या किनाऱ्यावरच्या लोकांना सवय आहे. पण या वेळी ओरड मध्येच तुटली. जणू कुणी तोंडावर हात ठेवला.

केलन तिसऱ्यांदा मागे निघाला. उजव्या आरशात त्याला पांढरी टोपी दिसली.

मागे, कॅरॅव्हॅनच्या उजव्या कोपऱ्याशी एक माणूस उभा होता. क्लेम. म्हाताऱ्याला दया आली असावी, नियम मोडून गपचूप मागे आला असावा. केलनच्या छातीवरचं ओझं उतरलं. माणूस दोन्ही हातांनी बोलावत होता. ये. ये. अजून ये.

केलन मागे जात राहिला. किती सोपं जात होतं! उजव्या आरशात बघायचं आणि त्या हातांच्या मागे जायचं. कॅरॅव्हॅन लोण्यातून सुरी जावी तशी वळत होती. माणूस एकेक पाऊल मागे सरकत होता आणि बोलावत होता. ये. ये.

"थँक यू, क्लेम!" केलन खिडकीतून म्हणाला.

"कशाबद्दल रे?"

आवाज पुढून आला.

केलननं समोर पाहिलं. काचेतून खुर्च्यांची रांग दिसत होती. मधोमध क्लेम बसला होता. टोपी डोक्यावर, बियर पोटावर.

केलनचा पाय ब्रेकवर गेला, पण पुरता दाबला गेला नाही.  त्यानं परत उजव्या आरशात पाहिलं.

माणूस तिथंच होता. आता जरा जवळ. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. हात जोरजोरात बोलावत होते, आणि ओठ हलत होते... ये... ये... आणि केलनला आता दिसलं की तो जिथं उभा आहे तिथं उभं राहायला जमीनच नाही. तिथं कड संपली होती. तिथं नुसतं भरतीचं पाणी होतं, काठोकाठ, काळं.

जीप हळूहळू मागेच चालली होती. उतार होता. पाय दाबावा असं मन सांगत होतं आणि पाय त्या हातांचं ऐकत होता.

"केल!" आईची हाक आली. लांबून, जणू पाण्याखालून.

आणि मग डाव्या बाजूला, कॅरॅव्हॅनच्या भिंतीवर कुणीतरी उघड्या तळव्यानं मारलं. जोरात. रागानं. चुकलेल्या धाकट्याच्या पाठीत मारतात तसं.

केलननं डाव्या आरशात पाहिलं.

आरशात निळा सदरा होता, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. खिशाला शेडमधल्या त्या शेवटच्या रंगाचा डाग. उजवा हात वर उचललेला, पंजा उभा, बोटं पसरलेली. चेहरा दिसत नव्हता. आरशाची वरची कड बरोबर गळ्याशी येत होती, आणि कितीही मान वाकवली तरी चेहरा त्या कडेच्या वरच राहत होता.

थांब. श्वाससुद्धा घेऊ नकोस.

केलननं ब्रेक असा दाबला की जीप कण्हली.

 उजव्या आरशात ते दोन हात बोलावतच होते, अगदी खिडकीपाशी आल्यासारखे. आता चिखलाचा वास इतका दाट झाला की तोंडात चव आली. केलन तिकडे बघत नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्या पाण्यातून तो फक्त त्या पंजाकडे बघत होता.

पंजा हळूच मिटला. एक बोट पुढे आलं आणि पुढच्या दिशेनं वळलं. पुढे घे, सरळ कर.

त्यानं पुढे घेतली, सरळ केली. "दादा..." तो पुटपुटला. "एका आरशावर नाही. दोन्ही."

मग त्यानं दोन्ही आरशांत पाहिलं. उजव्यात टोपीवाला होता. असू दे. त्या अंगाला कड कुठं आहे ते तर आता त्याच्या पायांवरून कळत होतं. तो उभा आहे तिथं जायचं नाही, बस्स. त्यानं घामेजले हात मांडीला पुसले.

डावीकडून एक थाप. ये अजून.

केलन आला. चाक थोडं उजवीकडे, लगेच सोडलं. झाडाचा बुंधा आरशातून सरकत गेला, वीतभर अंतरानं. एक थाप. सुरूच्या फांद्या छतावरून घासल्या. एक थाप. उजवीकडे टोपीवाल्यानं बोलावणं थांबवलं. तो आता नुसता बघत होता, हात खाली सोडून, आणि त्याच्या पलीकडे पाणी चमकत होतं.

ये अजून... अजून...

आणि मग दोन थापा. ठाम, सावकाश. बस. लागली.

केलननं हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी भांडं वाजवलं, कुणी जीपचा हॉर्न दाबला. माणसं धावत आली, पण झाडापाशी थबकली. मग क्लेमनंच पहिलं पाऊल पलीकडे टाकलं आणि मागोमाग सगळे हिरवळीवर आले. "शेवटच्या खेपेला एकाच दमात!" तो ओरडत होता. "झाड आणि कड यांच्या मधून, कुणी मागे नसताना! आठ चाकांचा ट्रक चालवणाऱ्याला मी इथं रडताना पाहिलंय रे टायरवाल्या!" त्यानं केलनच्या हातात थंड बियर कोंबली. कॅरॅव्हॅनच्या डाव्या भिंतीशी कुणी नव्हतं. तिथलं गवताचं पातंसुद्धा वाकलं नव्हतं.

केलन चाकांमागे रोरीच्या लाकडी पाचरा ठोकून उठला तेव्हा आई बेरिलच्या खांद्याला धरून आली होती.

"शेवटी थाप दोनदाच मारली ना?" तिनं हळूच विचारलं.

"तू ऐकलीस?"

"मला वाटलं, मलाच ऐकू येतेय."

तिला आत नेऊन त्यानं बिछान्यावर बसवलं. मागच्या खिडकीचा पडदा सरकवला. अजून थोडा उजेड उरला होता, आणि तो सगळा समुद्रावर होता. चौकटीत दुसरं काही नव्हतं. मॉरीननं काचेवर तळवा टेकला. मग म्हणाली, "चहा कर. रोरी म्हणाला होता तो करील. आता तू कर."

त्याच वेळी लोर्नामावशीचा फोन आला. केलननं आईच्या हातातून घेतला. "मावशी, गिऱ्हाइकाला सांग, दुसरीकडे बघ म्हणावं. आम्ही लागलोय!" आणि उत्तराची वाट न बघता ठेवला. आई इतकी हसली की तिला खोकला आला.

नंतर शेगडीपाशी क्लेमनं त्याला सांगितलं, हलक्या आवाजात, बेरिलला ऐकू जाणार नाही असं. फार वर्षांपूर्वी नेव्हिल नावाचा, अशीच पांढरी टोपी घालणारा एकजण बायकोला गाडी मागे घ्यायला लावत होता. स्वतः मागे उभा. दोन्ही हातांनी बोलावत, ये ये अजून ये, आणि स्वतः मागे मागे सरकत. अशीच भरती. कड संपली हे त्याला कळलं नाही. आणि बायकोला तर त्यानं बोलावलंच होतं, ती येत राहिली. "बाईला ओढून काढलं आम्ही. त्याला पाण्यानं परत दिलं नाही. तेव्हापासून जो कुणी भरतीला लावायला जातो..." क्लेमनं पुढचं वाक्य बियरबरोबर गिळलं. "तुला दिसलं का रे काही?"

"आरशात दिसलं," केलन म्हणाला.

"कुठल्या?"

"दोन्ही."

क्लेमनं शेगडीतला विस्तव सारखा केला.

तो हिवाळा त्यांचा झाला. उन्हात आईची बोटं रोज थोडी थोडी उघडत गेली. आधी तिनं कपाचा कान धरला, मग स्वतःच्या स्वेटरची बटणं लावली, मग एके दिवशी पत्त्यांच्या डावात क्लेमला लुबाडून त्याची टोपी जिंकली आणि ती घालून तळभर फिरली. केलनचं तर नावच पडलं. नवी गाडी आली आणि मागे लागेना, की माणसं हाक मारायची, "टायरवाल्याला बोलवा रे!" तो यायचा, डावीकडे उभा राहायचा, एक थाप, दोन थापा. हात हलवून त्यानं कधी कुणाला बोलावलं नाही.

आणि रोज, ऊन उतरायच्या वेळी, कॅरॅव्हॅनच्या डाव्या भिंतीवर दोन थापा पडायच्या. आई कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "आला." दोघं भ्याले नाहीत. त्या थापांची वाट बघत ते संध्याकाळ करायचे. उजव्या बाजूनं, खाडीकडून, काही म्हणता काही आवाज आला नाही.

दक्षिणेत थंडी सरली तेव्हा ते परत निघाले. सगळा तळ निरोपाला आला. काकाकुव्यानं त्यांना ठेवणीतल्या शिव्या दिल्या. बेरिल म्हणाल्या, "ती जागा तुमचीच. पुढच्या वर्षी मी कुणाला देणार नाही."

"घेईल कोण!" आई म्हणाली, आणि सगळे हसले.

समुद्र मागे पडला, ऊस संपला. पुढे कोरडी, तांबडी जमीन लागली. क्षितिजापर्यंत पाण्याचा थेंब नाही. घर एका दिवसावर आलं तेव्हा त्यांनी भर उन्हात एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केली. आई पुढच्या सीटवर पेंगत होती. सवयीनं केलन टायर बघायला कॅरॅव्हॅनच्या मागे गेला.

डावी बाजू ठीक होती. धूळ, वाळकं गवत, मेलेले किडे.

उजव्या बाजूला, मागच्या चाकाशी जमीन ओली होती. भिंतीवरून पाण्याची एक बारीक धार ओघळत होती. त्यानं बोट लावून हुंगलं. तिवरांचा चिखल.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हाताच्या अंतरावर, उजव्या भिंतीवर थाप पडली. ओली, मऊ. एकच.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. परत येऊन बसला तेव्हा आईनं डोळे उघडले होते. तिच्या चेहऱ्यावर झोपेतलं हसू होतं.

"त्याचीच ना?" ती म्हणाली. "दोनदा?"

"हो आई. दोनदा."

"तो येतोय बघ आपल्याबरोबर घरापर्यंत." तिनं समाधानानं डोळे मिटले. "अरे हो, लोर्नाचा फोन आला होता. शेड झाडून ठेवलीय म्हणाली. उद्या संध्याकाळी आत लावा. आणि जपून. कालव्याला पाणी सोडलंय, काठोकाठ."